पायाळू

निलगिरीच्या तेलाचा वास आला की माझे तळपाय आजही आक्रसतात. मी पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. पिंपळवंडीत कुणाच्याही पाठीत उसण भरली की पाय लावायला मलाच बोलावत, आणि बारावीतल्या मला त्याचा भारी तोरा होता. चुलतीचं कंबरेचं दुखणं मात्र वर्षानुवर्षांचं. पुण्याच्या डॉक्टरांनी मणक्याच्या ऑपरेशनची तारीख दिली होती. त्याच्या आदल्या दिवशी ती ओसरीवर पालथी पडली आणि तेलानं चकाकणाऱ्या तिच्या पाठीला मी तीनदा पाय लावला. "लई हलकं वाटतंय गं," ती म्हणाली. "आता तूच सांग, कापून घिऊ का नगं?" मला काय कळत होतं? पण ती मला विचारत होती! "नको काकी," मी म्हणाले, "माझ्याच पायानं बरं वाटंल." ती पुण्याला गेलीच नाही. दिवाळीपर्यंत तिचा डावा पाय लुळा पडला. इतक्या वर्षांनी काल माझीच कंबर धरली, तर ती पाय ओढत आली, तेल चोळता चोळता सोबत आलेल्या आपल्या नातसुनेला कौतुकानं म्हणाली, "हिच्या पायाला लई गुण हाय." मी पालथीच पडून राहिले; तोंड वर करवेना.