दोन चित्रांच्या मधली

माझी आत्या लोकांची जुनी घरगुती रिळं संगणकावर चढवून द्यायची. फोटो स्टुडिओच्या मागची खोली, काळे पडदे, हातात सुती मोजे, आणि जुन्या फिल्मचा आंबूस वास. स्वभाव फटकळ. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायची, "गेलेली माणसं कुठे पळून जात नाहीत. बसा जरा."

एकदा जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक आजोबा सुनेला घेऊन आले. एकच रीळ होतं. त्यांची बायको जिना उतरते, खाली थांबते, झटक्यात मान फिरवते, संपलं. त्या दिवशी दोघांचं वाजलं होतं, म्हणून ती मुद्दाम त्यांच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. अबोला सुटायच्या आत ती तापानं गेली.

"फार धक्के खातंय हो," सून म्हणाली. "हल्लीच्या गेमसारखं गुळगुळीत नाही का होणार?"

होण्यासारखं होतं. त्या कॅमेऱ्यानं सेकंदाला सोळाच चित्रं टिपली होती. दोन चित्रांमधली फट एरवी आपली नजरच सांधून घेते. आत्याकडचा प्रोग्राम मधली चित्रं स्वतः काढून ती फट भरायचा, सेकंदाला साठ. हललेल्या चेहऱ्याचा फराटा उमटला असेल तर तोही रेखीव करायचा.

दोघं बघायला आली. बाई जिना उतरली, अगदी पाणी वाहावं तशी. आणि मान फिरवता फिरवता तिनं सरळ आजोबांकडे पाहिलं.

"थांबवा. मागे घ्या."

पुन्हा तेच.

"तिनं बघितलं नव्हतं," आजोबा म्हणाले. "मी होतो ना तिथे."

आत्यानं मूळ चित्रं एकेक करून दाखवली. एकात बाई डावीकडे बघतेय, पुढच्यात चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा, त्यापुढच्यात उजवीकडे. समोर बघणारा चेहरा कुठेच नाही. डावीकडून उजवीकडे जाताना मध्ये समोर लागतंच, म्हणून यंत्रानं त्या फराट्यातून तो घडवला होता. डोळे, भुवया, ओठांवर किंचित हसूसुद्धा.

"बाबा, किती छान आलंय! राहू दे की," सून म्हणाली.

"ही माझी बायको नाही. पुसून टाका. माझ्यासमोर."

आत्यानं पुसलं, आणि धक्के खाणारं मूळ रूपच त्यांना दिलं.

काही आठवड्यांनी सुनेचा फोन आला. "बाबा धड जेवत नाहीत. तुम्हालाच बोलवतायत."

आत्या गेली. भर दुपार, खोलीत लख्ख ऊन. टीव्हीवर तेच धक्के खाणारं मूळ रीळ चालू होतं. मान फिरली, फराटा आला, आणि आत्या पडद्याजवळ वाकली. फराट्यात तिला तो चेहरा दिसला. स्पष्ट.

"तुम्हालाही दिसली ना?" आजोबा हळूच म्हणाले. "आठवायला गेलो की आता हीच येते. आधीची येतच नाही. तुम्ही तिला एकेका चित्रात पाहिलंय. सांगा ना, कशी होती माझी बायको?"

आत्या खुर्ची ओढून बसली. सांगू लागली. केस घट्ट मागे बांधलेले. कपाळ रुंद. उतरताना हात कठड्यावर. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. ओठांपाशी ती अडखळली. कुठल्या चित्रातले ओठ आठवतायत, तिचं तिलाच कळेना.

"थोडेसे हसरे," ती म्हणाली.

"हो," आजोबा म्हणाले. "अशीच होती."

परत आल्यावर आत्यानं तो प्रोग्राम काढून टाकला. आता कुणी गुळगुळीत करून मागितलं, तर कारण न सांगता रीळ परत देते.