जळगावातून दिसणारं घर

परवा जळगावात आमच्या कॉलेजचा पदवी समारंभ होता. घरातली पहिली पदवी माझी, त्यामुळे आई आणि आबा दोघांनीही यायचंच, असा माझा हट्ट होता... आणि त्या हट्टापायी महिनाभर मी सीसीटीव्हीचा अभ्यास करत होते.

संबंध कापसाचा आहे. आमचं गाव चाळीसगावजवळ. भाव वाढेल या आशेवर यंदाचा सगळा कापूस आबांनी पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलाय. आणि कापूस घरात असला की घर एकटं सोडायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. आबा बाहेर तर आई घरी. माझ्या दहावीच्या सत्कारालाही एकटे आबाच आले होते. आई नंतर फोटो बघायची.

या वेळी फोटोवर भागवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. जळगावात बसून घर मोबाइलवर दिसलं, तर आबांची काळजी मिटेल आणि दोघं येतील... एवढा साधा हिशेब.

जळगावच्या दुकानात तीन चकरा मारल्या. मेमरी कार्डवाला नुसता कॅमेरा स्वस्त होता, पण चोराने कॅमेराच काढून नेला तर रेकॉर्डिंगही त्याच्याबरोबर जाणार. म्हणून रेकॉर्डर वेगळाच हवा, तोही आत, स्वयंपाकघरात धान्याच्या कोठीमागे लपवता येईल असा. गावात ब्रॉडबँड नाही, म्हणजे सिमवर चालणारा राउटर. नेटवर्क एक-दोन काड्यांचं, म्हणजे कमी स्पीडलाही हलकं चित्र पाठवणारा रेकॉर्डर.

साडी घेतानाही कोणी विचारणार नाही इतके प्रश्न मी त्या दुकानदार भाऊंना विचारले. शेवटी ते म्हणाले, "ताई, तुम्ही बँक सांभाळताय का?" मी म्हटलं, "त्याहून जास्त. कापूस आहे." लाइट गेली तरी दोनेक तास चालावं म्हणून छोटी बॅटरीही घेतली.

दारावर कॅमेरा बसवून झाल्यावर चित्र झकास आलं. शेजारच्या सुमनकाकूंना मी ओट्यावर उभं केलं आणि मोबाइलवर त्यांना त्यांचाच चेहरा दाखवला. "हाई तुले जळगावले दिखी?" त्यांनी विचारलं. मी मोठ्या अभिमानाने हो म्हटलं. पुढचे पंधरा दिवस जळगावातून रोज घर बघितलं. एकदाही अडलं नाही.

समारंभाच्या दिवशी दोघं पहाटेच निघाले. स्टेशनवर उतरल्या उतरल्या आबांनी आधी घर बघायला मागितलं. दार, कुलूप, ओटा... सगळं जागच्या जागी. आबा चक्क हसले आणि म्हणाले, "चाल, आते चहा पिऊत."

कॉलेजच्या हॉलबाहेर त्यांनी पुन्हा फोन मागितला. स्क्रीन काळी. 'डिव्हाइस ऑफलाइन'. मी अॅप बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. आबांचा चेहरा बघवत नव्हता. "वायर कापी व्हई कोन्हीतरी," म्हणाले आणि परतीच्या गाडीची चौकशी करायला निघाले. समारंभ सुरू व्हायला थोडाच वेळ होता... आणि मला कळत होतं, आबा गेले की आईही जाणार.

मी सुमनकाकूंना फोन लावून स्पीकरवर टाकला. लाइट गेलीय का विचारलं. "लाइट शे ना, आमना पंखा चालू शे," काकू म्हणाल्या.

हे ऐकून आई शांतपणे म्हणाली, "आपली कशी राही? मी मेन बंद करी उनू ना. घरमा कापूस शे."

कापसाच्या घरात ठिणगी नको, म्हणून घर बंद करताना आई नेहमी मेन स्विच पाडूनच निघते. रेकॉर्डर बॅटरीवर चालला तेवढा चालला. आणि पंधरा दिवस हे कळलं नाही, कारण पंधरा दिवसांत घर बंद झालंच नव्हतं. आईला घराबाहेर काढायला आणलेलं यंत्र, आई घरात असेल तरच चालत होतं...

तेवढ्यात फोनमधून काकूंचा आवाज आला, "आनि तुले आम्ही दिखी राहिनूत ना? बठ्ठ्या जनी तुमना ओटावर उभ्या शेतस. हात हालाडी हालाडी दुखी गया."

मुलगी डिग्री घेतेय, तिला जळगावात दिसतंय, म्हणून गल्लीतल्या बाया चांगल्या साड्या नेसून सकाळपासून कॅमेऱ्यापुढे उभ्या होत्या. मी खरं काय ते सांगितलं. काकू म्हणाल्या, "मंग आम्ही इतला येळ कोनले हात दखाडा?" आणि मागे हशाचा गलका.

तो हशा ऐकून आबा मागे फिरले आणि त्यांनी फोन हातात घेतला. त्यांनी काही विचारायच्या आत काकू म्हणाल्या, "भाऊ, घाई करू नका. आम्ही आठेच, तुमना ओटावर बठतस, भुईमुगाच्या शेंगा फोडतस." आबांनी फोन मला परत दिला आणि आईला म्हणाले, "चाल, पुढली जागा धरूत."

माझं नाव पुकारलं तेव्हा आई दुसऱ्या रांगेत होती. टाळ्या वाजवायच्या असतात हे विसरून नुसती बघत होती.

काल इलेक्ट्रिशियनला बोलावून मेन पाडला तरी चालू राहील अशी रेकॉर्डरची लाइन वेगळी करून घेतली, स्वतंत्र फ्यूज टाकून. तुम्ही कोणी असा रेकॉर्डर घेणार असाल, तर चॅनल आणि हार्ड डिस्कच्या आधी एक गोष्ट घरी विचारा... बाहेर पडताना तुम्ही काय काय बंद करता?

त्या सकाळचं आमच्या ओट्यावरचं रेकॉर्डिंग कुठेच नाही. पण कोण कोणती साडी नेसलं होतं आणि कोण आधी दमलं, हे मला गल्लीतल्या प्रत्येकीने वेगवेगळं सांगितलंय. त्या सगळ्यांमुळे आईने या वेळी माझा समारंभ फोटोत बघितला नाही.