सोमवारची उत्तरं

ही गोष्ट सांगणं मी कित्येक वर्षं टाळलं. घरात तो विषय निघाला की मी उठून पाण्याची मोटार लावायला जायचो, टाकी भरलेली असली तरी.

नात अकरावीला सिंधीपुऱ्यात माझ्याकडे राहायला आली. तिचे आईवडील फोपनारला, केळीच्या बागेत. त्याच वर्षी तिची शाळा सरकारी दवाखान्याच्या समुपदेशन विभागाशी जोडली गेली. मुलांनी दर सोमवारी मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये झोप, भूक, मन अशा पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची. उत्तरं काळजीची वाटली, तर तिथल्या मॅडम घरी फोन करणार. नातीकडे मोबाइल नव्हता, म्हणून माझा नंबर दिला होता.

घरात नेटवर्क येत नसे, गच्चीवर जावं लागे. ती उत्तरं भरून शाळेला पळायची. "आबा, वर गेले की सेंड करून द्या. हिरवं बटण. मास्तर असून मोबाइलमध्ये एकदम ढ आहात तुम्ही."

पहिल्याच सोमवारी मी गच्चीवर तिची उत्तरं वाचली. झोप येत नाही. जेवण नको वाटतं. शेवटचा प्रश्न होता, घरात कुणाशी मनातलं बोलता येतं का? तिने 'नाही' लिहिलं होतं. घरात तिच्याशिवाय मी एकटाच होतो.

मी छत्तीस वर्षं शिकवलं. तपासणीला साहेब येणार असले की आदल्या दिवशी आम्ही मुलांच्या वह्या स्वतःच दुरुस्त करून ठेवायचो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्याच सवयीने मी तिची उत्तरं बदलली. झोप चांगली. भूक चांगली. शेवटी 'हो'. मोहल्ल्यात पोरीला वेडी ठरवतील, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण तो 'नाही' होता.

असे अकरा सोमवार गेले.

"मॅडमचा फोन आला का?" ती अधूनमधून विचारायची.

"नाही."

"मतलब इतकं काही सीरियस नसेल," ती एकदा म्हणाली.

बाराव्या सोमवारी तिने मोबाइल मागितला नाही. शाळेतही गेली नाही. पुढे अंथरुणातून उठेना, तेव्हा तिची आई येऊन आम्हा दोघांना दवाखान्यात घेऊन गेली. मॅडमनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली. "इथे तर सगळं ठीक दिसतंय. मग हे एकदम कसं झालं?"

नातीने स्क्रीन सावकाश वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होतो.

"मीच तसं भरलं असेल," ती म्हणाली.

उपचार सुरू झाले. तिचं शाळेचं एक वर्ष गेलं, पण ती सावरली. आता खंडव्याला नोकरी करते, दर रविवारी फोन करते.

दवाखान्यात त्या दिवशी तिची आई औषधं आणायला गेली आणि आम्ही दोघंच बाकावर बसलो होतो. मी घसा साफ केला.

"पाणी देऊ का, आबा?" तिने बाटली पुढे केली. मी पाणी प्यालो.

एवढंच सांगायचं होतं: बेटा, तुझी उत्तरं बरोबर होती. मी ती चुकीची करून पाठवली. मला माफ कर.