दहा यत्ता आणि एक घोंगडं

शहागंजातल्या पुंडलिकभाऊंच्या दुकानात एकट्या जित्या माणसाचा फोटो क्वचितच येतो. छत्तीस वर्षं ते फ्रेमा करतात. देव येतात, बुद्ध येतात, बाबासाहेब येतात, लग्नातली जोडपी येतात. पण सगळ्यांत जास्त येतात ती गेलेली माणसं. दहाव्याच्या आत फ्रेम हवी असते, म्हणून लोक सकाळी फोटो टाकतात आणि संध्याकाळी न्यायला येतात. पुंडलिकभाऊ फार विचारपूस करत नाहीत. फोटोत एकटं माणूस दिसलं की त्यांचे हात आपोआप चालू लागतात.

त्यामुळे जुलैतल्या एका गुरुवारी पडेगावच्या बानाबाई फडक्यात बांधलेल्या दोन काचा घेऊन दुकानाची पायरी चढल्या आणि फडकं सोडताच काचांच्या आत एकाच मुलीचे फोटो दिसले, तेव्हा भाऊंनी सवयीनं आवाज खाली आणला.

"कधी गेली, मावशी?"

"कोण?"

"ही. फोटोतली."

"अवं, तोंडाला काय हाडबिड हाय का नाय! नात हाय माझी, अक्षदा. पोलिसात लागली. सोमवारी ट्रेनिंगला निघाली!"

मागं संगणकावर बसलेली भाऊंची मुलगी रूपाली खुर्चीतच वाकून हसायला लागली. भाऊंनी दोन्ही कान धरले, बानाबाईंना स्टुलावर बसवलं आणि चहा सांगितला.

बानाबाईंचं घर मेंढपाळांचं. दिवाळी झाली की त्यांचा मुलगा रामहरी आणि सून मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं उतरतात, ते पाऊसकाळ तोंडावर आल्यावरच परततात. शिक्षण बुडू नये म्हणून अक्षदा पडेगावातच आजी-आजोबांपाशी राहिली. शाळेत दर जानेवारीला फोटोवाला येई, निळा पडदा लावी आणि एकेका पोराला उभं करी. पहिली ते दहावी, असे दहा फोटो. आईबापांनी त्या दहा वर्षांत एकही जानेवारी घरी काढला नव्हता. बानाबाईंनी दहाही फोटो खिडकीच्या दोन काचांमध्ये दाबून ठेवले होते, कारण उंदीर काच कुरतडत नाही. पण पत्र्यावरून ओल उतरली आणि काही फोटो काचेला चिकटून बसले.

"रविवारी समदी माणसं येणार, सत्कार हाय," बानाबाई म्हणाल्या. "रामहरी आन् सून समोर बसतील. पोरगी कशी कशी वाढली ते त्यांना एका नजरंत दिसलं पायजे. सोमवारी ती गेली की गेली. मग काय दाखवू, रिकामी खाट?"

मुदत तीन दिवसांची. भाऊ उठलेच.

सहा फोटो सहज सुटले. चार चिकटलेले होते. अशा वेळी घाईनं नख घालणारा माणूस फोटोचा चेहरा काचेवर ठेवतो आणि पांढरा कागद हातात घेतो. भाऊंनी तसं होताना पाहिलेलं होतं, स्वतःच्या हातूनही एकदा झालेलं होतं. त्यांनी कापसाचा बोळा थेंबभर पाण्यात बुडवला आणि एकेका फोटोच्या कोपऱ्याला टेकवला. तिसरी, चौथी, सातवी: कापूस पांढराच राहिला. हे स्टुडिओत धुतलेले फोटो होते, त्यांना पाण्याचं भय नाही. पहिलीच्या फोटोला बोळा लावला, तर तो गुलाबी होऊन वर आला.

"थांबा!" रूपाली ओरडली. "पप्पा, हा प्रिंटरवरचा हाय. पाण्यात घातला की गेला."

त्या वर्षी फोटोवाल्यानं छोटं यंत्र आणून शाळेतच फोटो छापून दिले होते. बानाबाईंना ते आठवत होतं, कारण पोरांनी त्या यंत्राभोवती इतकी गर्दी केली होती की शाळेतल्या बाईंनी छडी काढली. या फोटोची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

पहिली वेगळ्या काचेला चिकटली होती; बाकीचे तिन्ही फोटो त्यांच्या काचेसकट परातीतल्या गार पाण्यात गेले. वीस मिनिटं भाऊ परातीपाशी उकिडवे बसून राहिले. तिसरीची अक्षदा आधी एका कडेनं उचलली गेली, मग हळूच सगळीच पाण्यावर आली, दोन वेण्यांसकट. "निघाली! निघाली गं!" बानाबाईंनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारचा बांगडीवाला डोकावून गेला. चौथी निघाली. सातवीचा एक कोपरा किंचित सोलला, पण चेहरा शाबूत राहिला. तिघी वर्तमानपत्रावर सुकत पडल्या.

पहिलीला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. फोटो काचेतच राहू द्यायचा आणि काचेतूनच त्याचा फोटो काढायचा. काच पुसली तर तिच्यात दुकानाची ट्यूबलाइट दिसे, ट्यूब बंद केली तर रस्त्यावरची रिक्षा दिसे. शेवटी रूपालीनं कॅमेऱ्याच्या तोंडाभोवती काळी ओढणी धरायला वडिलांना उभं केलं. बाविसाव्या वेळी काच दिसेनाशी झाली आणि सहा वर्षांची मुलगी दिसली. समोरचा एक दात पडलेला, केसांना इतकं तेल की भांग चमकत होता.

"हाय का नाय? हीच ती! दात पडला म्हणून आदल्या दिशी रडली व्हती!" बानाबाई स्क्रीनला बोट लावून लावून सांगत होत्या.

रूपालीनं दहाही फोटो संगणकात घेतले. भिंतीवर लागतील त्या प्रती, मूळ फोटो बटर पेपरात गुंडाळून डब्यात, पहिलीचा काचेसकट. उजेड आणि ओल प्रतींना खाऊ दे, मूळ वाचतं. शुक्रवारभर भाऊंनी फ्रेम केली. चार फूट लांब, सागाची पट्टी, आत काळी बारीक कडा, दहा खिडक्या. असं काम त्यांच्या दुकानातून आजवर बाहेर पडलं नव्हतं. मागं दोर लावला, काच पुसली, वरच्या दोन कोपऱ्यांना पितळी आकडे बसवले आणि शनिवारी सकाळी स्कूटरवर रूपालीच्या मांडीवर फ्रेम देऊन ते पडेगावला निघाले. सिग्नलला थांबलं की लोक वाकून बघत. भाऊ सांगतच होते, "पोलीस झाली, पोलीस!"

बानाबाईंनी फ्रेम ओसरीवर उभी केली. पहिल्यांदा त्या हसल्या. मग त्यांची नजर वर गेली.

"हे आकडे कशाचे वं, भाऊ?"

पुंडलिकभाऊंनी आकड्यांकडं पाहिलं. ते हाराचे आकडे होते. एकट्या माणसाचा फोटो आला की हार अडकवायला दोन आकडे; छत्तीस वर्षांत हात कधी चुकला नव्हता.

"पोरगी जिती हाय माझी!" खाटेवरून बानाबाईंचे मालक सूर्यभानबाबा उठले. "उद्या तिला निरोप द्यायचा का तिचा दहावा घालायचा?"

"बाबा, आत्ता काढतो. दोन खिळे तर हायत."

"खिळे काढशील रे. भोकं बुजवशील. आमच्या डोक्यातलं कसं काढशील?" बानाबाईंनी फ्रेम भिंतीकडं तोंड करून ठेवली. "आमच्या घरात भिंतीवर काचंत एकच माणूस हाय, माझा सासरा. काचंतलं भिंतीवर जातं ते त्याच्या संगतीला. नको मला."

अक्षदा आतून कागदपत्रांची फाईल घेऊन आली. सोमवारी न्यायची म्हणून ती लावत होती. "आजी, राहू दे ना. छान झालीय," ती म्हणाली.

"तू गप. तुला काय कळतंय."

रविवार एका रात्रीवर आला होता. भाऊ ओसरीच्या कडेला बसले. रूपाली अक्षदाला फाईल लावू लागायला गेली आणि तिच्या हाताला प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा लागला. सहज वरचं उघडलं. शेरा, उपस्थिती, वजन, उंची.

"पप्पा. पहिलीला एकशे आठ सेंटीमीटर."

"काय एकशे आठ?"

"हिची उंची. दुसरीला एकशे तेरा. सगळ्या वर्षांची लिहिलीय."

भाऊ ताडकन उठले. सकाळ-संध्याकाळ टेप हातात घेऊन जगणारा माणूस तो. खिशातला टेप बाहेर आला, भुईवर टेकला, एकशे आठवर बोट ठेवलं. ते बोट त्यांच्या कमरेच्या थोडं वर आलं. "ही एवढी होती," ते म्हणाले. "मावशी, बघा! पहिलीत तुमची नात इथं लागत होती!"

बानाबाई जवळ आल्या. त्या बोटाकडं बघत राहिल्या.

"फोटो भिंतीवर उंच नाहीच टांगायचे," भाऊंचा आवाज चढला. "तिच्या डोक्याच्या उंचीला लावायचे. ज्या साली जेवढी, तेवढ्यावर. खालून वर!"

"एकावर एक बसणार नाहीत, पप्पा," रूपालीनं हिशेब केला. "वर्षाला ती पाच सेंटीमीटर वाढली, आपला फोटो अठराचा."

"मग?"

"जिना करा. एक पायरी उजवीकडं, एक पायरी वर."

"आन् लावायचं कशावर? पुन्हा काच?" बानाबाईंनी विचारलं, पण विचारता विचारता त्यांची नजर खाटेकडं गेली. सूर्यभानबाबांच्या अंगाखालचं काळं घोंगडं त्यांनी सर्रकन ओढलं.

"अगं, माझं घोंगडं!"

"तुमचं? माझ्या मेंढरांची लोकर हाय ती. घोंगडं जित्या माणसाच्या अंगावर असतं. ह्याच्यावर लावा, भाऊ. ह्याला कोण दहावा म्हणतंय बघू."

मग दुपार पळाली. रूपाली स्कूटरवरून शहागंजात जाऊन प्लास्टिकचे जाड पारदर्शक खिसे घेऊन आली. वरच्या कडेला काठी ओवली. भाऊ टेप धरून खडूनं खुणा करत होते आणि बानाबाई दाभणात लोकरीचा धागा ओवून एकेक खिसा टाचत होत्या. कसर लागू नये म्हणून मागच्या बाजूला कडुलिंबाच्या पाल्याच्या पुरचुंड्या. फ्रेममधून काढलेल्या प्रती खिशांत सरकल्या. खुणा करताना एकच भानगड झाली: पाचवीला एकशे एकतीस आणि सहावीलाही एकशे एकतीस.

"त्या साली वाढलीच नाय व्हय?" बाबांनी विचारलं.

"सरांनी मोजलंच नव्हतं," अक्षदा म्हणाली. "मागच्या वर्षीचं उतरवलं."

"लिहिलंय ते लिहिलंय. सपाट पायरी राहू द्या," भाऊंनी निकाल दिला.

सगळ्यांत शेवटी अक्षदाला स्वतःला भिंतीला टेकवून उभं केलं. एकशे साडेछप्पन. भरतीला बायकांना एकशे पंचावन्न लागतात. मोजमापाच्या दिवशी ती किती ताठ उभी राहिली होती ते तिनं करून दाखवलं, हनुवटी वर, श्वास कोंडून. सगळी ओसरी हसली. हसले नाहीत ते फक्त सूर्यभानबाबा; ते उघड्या खाटेच्या सुतळीवर अंग टेकवून बघत होते.

रविवारी घोंगडं दाराशेजारच्या भिंतीवर गेलं. काळ्या लोकरीवर निळ्या पडद्याच्या दहा अक्षदा कमरेपासून वर चढत गेल्या. सत्काराला आलेली माणसं हारतुरे विसरून तिथंच थांबली. पोरं आपापल्या उंचीच्या पायरीखाली उभी राहून भांडू लागली. "मी तिसरीतली अक्षदा!" "नाय, तू दुसरीतली, टाचा टेकव!" एक बाई घरी पळत जाऊन पोराचं प्रगतिपुस्तक घेऊन आली. पुंडलिकभाऊंना तीन जणांनी नंबर विचारला. रूपाली तो सांगत होती. भाऊंचं लक्ष दाराकडं होतं.

रामहरी आणि त्याची बायको उशिरा आले. पाऊसकाळात मेंढरं जवळच्याच माळावर असत; ती सोबत्याच्या हवाली करून दोघं चालत आले होते. रामहरी भिंतीसमोर उभा राहिला. मेंढरू नजरेनं तोलणारा माणूस. त्यानं डावीकडून सुरुवात केली आणि एकेका फोटोपाशी हाताचा पंजा आडवा धरत पुढं सरकला, जणू डोक्यावरून हात फिरवतोय. सपाट पायरीपाशी तो थांबला.

"हे चुकलंय. सहावीला ही एवढीच नव्हती. आम्ही आलो तवा माझ्या इथं लागली." त्यानं छातीवर बोट ठेवलं.

"छातीला नाय, गळ्याला," त्याची बायको म्हणाली. "नवा फ्राक आणला तो आखूड झाला व्हता. दुकानदार बदलून देईना, तुम्ही भांडलाव."

"व्हय, व्हय. भांडलो."

पुंडलिकभाऊंनी टेप काढला, तिनं सांगितलेली उंची रामहरीच्या अंगावर धरली आणि सहावीचा खिसा उसवून पाच सेंटीमीटर वर घ्यायला बानाबाईंना सांगितलं. माणसं उभीच होती, भाषणं थांबली होती, आणि बानाबाई सगळ्यांदेखत दाभणानं टाके घालत होत्या. सहावी वर गेली. जिना सरळ झाला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

अक्षदा जिन्याच्या टोकाला उभी राहिली. तिचा बाप घोंगड्याची खालची कड चिमटीत धरून बघत होता.

"फ्रेमवाले भाऊ, हे गुंडाळलं तर मोडंल का?"

"मोडायला त्यात आहे काय? लोकर अन् प्लास्टिक. काठी काढायची, वळकटी करायची."

"बिऱ्हाडाच्या घोड्यावर टाकलं तर?"

"टाका. फक्त भिजू देऊ नका."

रामहरीनं आईकडं पाहिलं. आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "आये, दिवाळीनंतर हे आमच्यासंगं येणार. दहा वर्सं तू बघितलीस. आता आम्ही बघतो."

"व्वा! आन् मी काय बघू?"

"तुझ्यापाशी डब्यात मूळ फोटो हायत की."

बानाबाईंनी पदर खोचला. "पाऊसकाळात परत आणायचं," त्या म्हणाल्या. "एक दिवस उशीर झाला तर बघ. आता घरात पोलीस हाय."