चाचांचं टेबल

नेरच्या आमच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा उद्घाटनाचा पाहुणा मीच झालो, नारळ मीच फोडला आणि टाळ्याही मीच वाजवल्या. चाचा मागे उभे होते. माझ्या वडिलांच्या काळापासून ते आमच्याकडे छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे. खिळ्यांच्या लाकडी पेटीत प्रत्येक अक्षराचं घर ठरलेलं असे आणि चाचांचा हात न बघता त्या घरात जाई.

"येच्यात पेटी कुठं हाये?" त्यांनी विचारलं.

"पेटी नाही चाचा, हा पडदा म्हंजे टेबल हाये. हे कागद, ह्या फायली, हे खाली कचऱ्याची टोपली."

"टेबल हाये तं पाय कुठं हायेत?"

पण दोन महिन्यांत त्या बिनपायाच्या टेबलावर त्यांनी संसार मांडला. मजकूर तपासून झालेल्या लग्नपत्रिका डावीकडे, तपासायच्या उजवीकडे. अक्षरं भोपळ्याएवढी करून ते काम करत. मी चिडवायचो, "चाचा, पत्रिका बनवून राह्यले का दुकानाची पाटी?" ते नुसते हसत.

खालचा एक कोपरा पुढं ढकललेल्या लग्नांचा होता. त्या वर्षी कापूस हाती आला नाही आणि तो कोपरा भरत गेला. ह्या पत्रिका टोपलीत टाका म्हटलं, तर चाचा म्हणाले, "लगन टोपलीत टाकत नसतात बेटा. पुढच्या सालाले होईन."

एका शुक्रवारी ते नमाजला गेले आणि माझ्या अंगात आलं. म्हटलं, चाचांना चकित करू. एक बटण दाबलं. सगळ्या फायली शाळेतल्या कवायतीसारख्या नावांप्रमाणे ओळीत उभ्या राहिल्या. चाचा परतल्यावर मी पडदा वर करणाऱ्या नाटकवाल्यासारखा हात हलवला, "पाहा, तुमचं टेबल आवरून टाकलं!"

त्यांनी पडद्याजवळ तोंड नेऊन पाहिलं. मग म्हणाले, "चांगलं केलं बेटा."

सोमवारी लाइट तासभरच राहणार होती. बोरी अरब गावच्या एका गृहस्थांच्या मुलीच्या पत्रिका चाचांनी अक्षरं मोठी न करताच घाईघाईनं छापल्या, गठ्ठा बांधून दिला. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ गठ्ठा घेऊन परत आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"भाऊ, पयली पत्रिका आमी देवापुढं ठिवली. संध्याकाळी सुनेनं वाचून दाखवली, तं पोरगी दुसऱ्याचीच. आमच्याच आळीतली हाये ते. तिचं लगन पुढं गेलं. आता देवापुढची पत्रिका उचलू कशी?"

मी चाचांकडे वळलो. काहीतरी गमतीचं बोलून वेळ मारून न्यायची माझी तयारी होती. चाचा म्हणाले, "माही चूक हाये. मले बारीक अक्षर दिसत नाही, फायलीवरचं नावबी नाही. दोन सालं झाली. कोणती फाइल कुठं ठिवली, ते ध्यानात राहे म्हणून चालून जाये."

म्हणजे त्या शुक्रवारी मी त्यांची पेटी उधळली होती. लहानपणी एकदा मी दोन खिळ्यांची अदलाबदल केली, तर वडिलांनी कान पिळला होता. एवढं माहीत असलेला मी.

"सांगितलं काहून नाही चाचा?"

"सांगितलं असतं तं तू बसू दिलं असतं?"

मी त्या गृहस्थांची फाइल शोधायला लागलो.

नव्या पत्रिका आम्ही त्याच दिवशी काढून दिल्या. ते गृहस्थ गेल्यावर चाचांनी मला कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि स्वतः बाजूच्या स्टुलावर बसले. डोळे मिटून ते सांगू लागले: आर्णीची पत्रिका वर डावीकडे, तिच्या खाली तेरवीचं कार्ड, त्याच्या बाजूला शाळेचं स्नेहसंमेलन. मी एकेक फाइल ओढून जागेवर ठेवत गेलो. एकही चुकली नाही. शेवटी खालचा कोपरा भरला. त्यात ती आळीतली मुलगीही आली.

"याले हात लावू नको," ते म्हणाले.

मी खूश. चाचांचं टेबल परत मांडून दिलं, आता उद्यापासून मोठ्यानं नावं वाचून दाखवू, असं ठरवूनही टाकलं.

सकाळी चाचा आले नाहीत; त्यांची नात त्यांच्याकडची दुकानाची किल्ली परत द्यायला आली. तेव्हा कळलं, आदल्या दिवशी ते मला चार्ज देत होते.