कादंबरीत नसलेलं वाक्य

म्हशीनं पुन्हा लाथ झाडली. दुधाची चरवी उडाली आणि थेट माझ्या माइकवर येऊन आदळली. कानाला हेडफोन होते. तोफ डागल्यासारखा आवाज झाला आणि मी बसल्या जागी दचकलो.

"लागलं काय?" आण्णांनी विचारलं.

"मला न्हाई. माइक बघतो."

"माइकचंच विचारलं मी."

आण्णा म्हणजे आमचे दिग्दर्शक. मी साउंड रेकॉर्डिस्ट. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. कोल्हापूरजवळ कसबा बावड्यात उसाच्या फडाला लागून एक गोठा होता, तिथं आमचं शूटिंग चाललं होतं. नायिका म्हशीखाली बसून धार काढते, एवढाच सीन. सकाळपासून एक टेक धड झाला नव्हता.

माझं काम आवाज टिपायचं. पण त्या काळी आउटडोअरला टिपलेला आवाज सिनेमात जात नसे. कॅमेराच एवढा घरघरायचा की शेजारी कुणी शिवणयंत्र चालवतंय असं वाटावं. त्यामुळे जागेवरचा आवाज नुसता खुणेपुरता. त्याला आम्ही पायलट म्हणायचो. नट कुठं काय बोलला हे त्यावरून कळायचं. मग स्टुडिओत तेच संवाद नटांकडून नव्यानं म्हणून घ्यायचे, ते डबिंग. पायलट नंतर डब्यात पडून राहायचा.

सिनेमा एका कादंबरीवरचा होता. लेखक मुरगूडचे, तिथल्या शाळेत शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. कादंबरीतली मुलगी लग्न होऊन सासरी येते. सासू नुकतीच वारलेली. गोठ्यातली म्हैस सासूच्या हाताची, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही. एका सकाळी ही नवी सून चरवी घेऊन म्हशीखाली बसते. त्या अख्ख्या प्रकरणात ती एक अक्षर बोलत नाही. जे काय बोलते ते मनात. माहेर, आई, अजून ओळख न झालेला नवरा, परकं घर. शेवटी म्हैस पान्हा सोडते आणि प्रकरण संपतं. कादंबरी वाचलेली माणसं हटकून त्याच प्रकरणाबद्दल बोलायची.

मास्तरांनी सिनेमाला परवानगी देताना एकच अट घातली होती. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आण्णांच्या घरी चहा पिता पिता ते म्हणाले होते, "बाकी तुम्हाला काय बदलायचं ते बदला. पण त्या प्रकरणात संवाद घालायचा नाही. गाणं तर नाहीच नाही. ती पोरगी गप्प आहे, म्हणून ते प्रकरण आहे." आण्णांनी मान डोलावली आणि शब्द दिला. मी तिथंच बसलो होतो.

नायिकेचं काम करणारी सुनंदा पुण्याची, नाटकातून आलेली. म्हैस तिनं लांबूनच पाहिलेली. पण शूटिंगच्या आधी ती बावड्यात येऊन राहिली आणि रोज पहाटे हौसाक्काच्या गोठ्यात जायला लागली. गोठा हौसाक्काचा आणि म्हैसही तिचीच. म्हशीचं नाव चंद्री.

"वढू नगंस बाय," हौसाक्का ओरडायची, "दाबून सोड. दोर न्हवं ते, आचळ हाय." सुनंदाची बोटं सुजली, पण ती हटली नाही. हौसाक्कानं तिला स्वतःचं नेसतं लुगडं दिलं. "वास वळखीचा असला की उभी ऱ्हाती चंद्री," म्हणाली. आणि खरंच, शूटिंगच्या आदल्या दिवशी सुनंदानं एकटीनं चरवीभर दूध काढलं. तोंडावर असा आनंद, जसं काय नाटकाचं बक्षीस मिळालंय.

शूटिंगच्या दिवशी मात्र लुगडं तेच, हात तेच, तरी चंद्री ऐकेना. तोंडावर दिवे, बाहेर जनरेटर धडधडतोय, समोर कॅमेरा घरघरतोय. शेवटी हौसाक्का स्वतः बसली. तिलाही चंद्रीनं पान्हा चोरला.

"आज माझंबी ऐकंना झालीया," हौसाक्का उठत म्हणाली. "भ्यालीया ती. तुमचं यंत्र लई वराडतंय."

मी आण्णांना बाजूला घेतलं. सुनंदाचा नाटकाचा दौरा दुसऱ्या दिवशी सुरू होत होता. संध्याकाळच्या गाडीनं ती जाणार, आणि परत कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

"आण्णा, चेहरा सुनंदाबाईंचा घेऊ. हात नंतर हौसाक्काचे घेऊ."

"हात एकीचे आन् तोंड दुसरीचं, हे लोकांना कळत न्हाई असं वाटतं व्हय तुला?" आण्णा भडकले. "मास्तरांनी येवढं सगळं लिवलंय ते त्या पोरीनं सोत्ता धार काढली म्हणून. ते एका शॉटमधी दिसलं न्हाई तर मग कादंबरी घेतली कशाला?"

"मग आवाज बंद करू या," मी म्हणालो.

जनरेटर बंद केला. उजेडासाठी गोठ्याची एका बाजूची कडब्याची भिंत उतरवली आणि चांदीचा कागद लावलेल्या फळ्यांनी ऊन आत फेकलं. राहिला कॅमेरा. हौसाक्कानं घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळा आणून दिल्या. त्या जाड गोधड्या आम्ही कॅमेऱ्यावर अशा गुंडाळल्या की फक्त भिंग उघडं. कॅमेरामनचं डोकंही आतच. घामानं त्याचं काय झालं असेल ते तोच जाणे. पण घरघर पुष्कळ कमी झाली. हेडफोनवर मला चंद्रीचं रवंथ ऐकू यायला लागलं.

आण्णांनी हातानंच खूण केली. सुनंदा बसली. कपाळ तिनं म्हशीच्या कुशीला टेकवलं. पहिली धार चरवीत वाजली, दुसरी वाजली आणि चंद्रीनं पाय उचलला. चरवी कलंडली. आण्णा 'कट' म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात सुनंदा बोलली. कपाळ तसंच टेकलेलं. आवाज दबका, रडकुंडीला आलेला, पण रागाचा.

"उभी ऱ्हा की गं सटवे! तुला एकटीलाच नवं हाय व्हय? मलाबी समदं नवंच हाय की!"

आण्णांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चंद्रीनं मान वळवून मागं बघितलं. सुनंदानं चरवी सरळ केली आणि पुन्हा हात लावला. या वेळी धार पडत राहिली. आधी पितळेवर वाजणारी, मग दुधावर दूध पडताना होते तशी जाड, घुमती. मी श्वास रोखून धरला होता. चरवी निम्मी झाली तेव्हा आण्णा हळूच म्हणाले, "कट."

हौसाक्का दारात उभी होती. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माझ्यागतच बोलली की गं बया."

संध्याकाळी सुनंदा गेली आणि आण्णांना मास्तर आठवले.

"वाक्य काढून टाक," ते मला म्हणाले. "तोंड म्हशीकडं हाय, ओठ दिसत न्हाईत. धारेचा आवाज तेवढा ठेव. मी शब्द दिलाय."

"आण्णा, सगळं प्रकरण त्या एका वाक्यात आलंय."

"आलंय, मलाबी कळतंय. पण मास्तरांनी परवानगी मागं घेतली तर शिनिमा डब्यात जाईल. मग ऐक बसून तुझं वाक्य."

सुनंदा दौऱ्यावरून आल्यावर डबिंगला कोल्हापुरात आली. ठेवायचं की काढायचं ते नंतर ठरवू, असं म्हणून आण्णांना समोर बसवलं आणि मी तिच्याकडून ते वाक्य म्हणून घेतलं. डबिंगला फिल्मच्या तुकड्याची दोन टोकं जोडून कडं करतात. तेच दृश्य पडद्यावर फिरून फिरून येतं आणि नट त्याबरोबर बोलतो. सुनंदानं बऱ्याचदा म्हटलं. शब्द तेच, पण त्यात म्हैस नव्हती. "जमत नाही हो," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा मी खरंच चिडले होते."

मी पायलट काढला. वाकळांमुळे तो वापरण्याजोगा निघाला होता. थोडी घरघर मागे होती, ती धारेच्या आवाजात मिसळून गेली. आण्णांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "दोन्ही तयार ठेव. आधी गप्प असलेलं दाखवू. दुसरं दाखवायचं असंल तर मास्तरांना तू सांगायचं. मी न्हाई."

मास्तर मुरगूडहून आले. आधी गप्प असलेला सीन पाहिला. "ठीक आहे," म्हणाले. मी घसा खाकरून अटीबद्दल, वाक्याबद्दल, म्हशीबद्दल काहीबाही सांगायला लागलो. ते मला तोडून म्हणाले, "भाषण नको. लावा."

लावलं. संपल्यावर ते खुर्चीत पुढं सरकून बसले. मग म्हणाले, "परत लावा."

परत लावलं.

"हे वाक्य कुणी लिहिलं?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "त्या बोलल्या."

"तरीच." मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "मी लिहिलं असतं तर मीच खोडलं असतं. बोलली असेल तर तिला गप्प करणारे आपण कोण? राहू द्या."

आण्णांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की मास्तर हसले. मग उठता उठता म्हणाले, "म्हैस मात्र माझी नव्हे. माझ्या कादंबरीतल्या म्हशीची शिंगं आखूड आहेत."

"ते आता ऱ्हाऊ द्या मास्तर," आण्णा म्हणाले.

सिनेमा बऱ्यापैकी चालला. कोल्हापूरच्या थिएटरात मी मागच्या रांगेत उभं राहून पाहिला. त्या वाक्याला आधी बायका हसल्या आणि मग एकदम शांतता पसरली. धार शेवटपर्यंत ऐकू आली. पायलटची घरघर कुणाच्या ध्यानातही आली नाही.

पुढं कादंबऱ्यांवरचे आणखी काही सिनेमे केले. प्रत्येक लेखकाची काही ना काही अट असतेच, आणि ती बहुतेक वेळा योग्यच असते. ती मोडायची वेळ आली तर त्याला कारणं सांगत बसू नये. आधी ऐकवावं आणि आपण गप्प बसावं.