मावशीच्या वाटची रोटी

मी एका बाईला भरल्या ताटावरून उठवलं, आणि तेही लंगरमध्ये, जिथे कुणालाही कुठेही बसता येतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागलो, तर वाचणाऱ्याने ती ऐकू नये.

नाशिकच्या वेशीवर आमचा मळा आहे. भाजी आणि झेंडू. मजूर बाया पेठच्या डोंगरातून येतात आणि हंगामभर मळ्यातच खोपटी टाकून राहतात. त्यांच्यातली ही सगळ्यांत जुनी. वयाने माझ्याहून मोठी, म्हणून मी मावशी म्हणतो. तोंडाने मावशी म्हणायचं आणि चहा मात्र कान तुटलेल्या वेगळ्या कपात द्यायचा, ही आमच्या घरची रीत. ती मोडावी असं मला कधी वाटलंही नव्हतं.

कोबी जास्त निघाला की चार गोण्या हायवेलगतच्या गुरुद्वारात लंगरसाठी पोचवायच्या, ही सवय मात्र माझी. त्या रविवारी गोण्या उतरवायला मावशी सोबत आली होती. उतरवून झाल्यावर तिथे वाढणारे म्हातारे सरदारजी म्हणाले, "आता जेवूनच जायचं. दोघांनीही." सरदारजींचा जन्म इथलाच. मराठी तुमच्याआमच्यासारखी, फक्त रागावले की हिंदीत जातात.

चपला बाहेर ठेवल्या, हात धुतले, मी डोक्याला रुमाल बांधला, मावशीने पदर घेतला. आत लांब चटया. जिथे जागा असेल तिथे बसायचं, मांडीला मांडी लावून, कलेक्टर असो की हमाल. रोटी ताटात वाढत नाहीत. दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायची, तिच्यात रोटी पडते. हवं तेवढं मागायचं, पण घेतलेलं टाकायचं नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. पाहुण्यांना मी मोठ्या कौतुकाने सांगतही असे.

मावशी माझ्या शेजारी बसली. ताटं मांडली गेली, आमच्या दोघांच्या ओंजळीत रोट्या पडल्या. तेवढ्यात समोरच्या रांगेत आमच्या भावकीतलं एक जोडपं दिसलं. बाईने मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आमच्याकडे लग्नाच्या पंगती मी बसवतो. आधी पाहुणे, मग भावकी, मग गाव. मजूर शेवटी. कुणाला कुठे बसवायचं हे माझ्या हाताला न विचारता कळतं. आणि त्या दिवशी कोबी माझा होता, म्हणून पंगतही माझीच वाटली. मी हळूच म्हणालो, "मावशी, तू तिकडं दारापाशी बस ना. ऐसपैस जागा आहे."

तिने दाराकडे पाहिलंही नाही. ओंजळीतली रोटी माझ्या ताटात ठेवली.

"घ्या मालक. तुमच्याच कोबीसंग खा."

आणि उठून गेली.

सरदारजी डाळीची बादली घेऊन दोन माणसं सोडून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्या ताटात डाळ वाढून पुढे सरकले. ताटात टाकायचं नाही हा नियम. माझ्यापुढे दोन रोट्या होत्या, एक माझी, एक तिची. मी दोन्ही खाल्ल्या.

परतताना टेम्पोत मी म्हणालो, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" हेही लिहून ठेवतो. ती रस्त्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी कामावर आली, पण चहा आल्यावर तो कान तुटलेला कप तिने बांधावर पालथा ठेवला. नंतर माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

मग मी सोपी वाट धरली. चार रविवार गुरुद्वारात जाऊन भांडी घासली. पाचव्या रविवारी सरदारजींनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

"बर्तनों ने तेरा क्या बिगाड़ा है? जिसको उठाया, उसको बिठा."

संध्याकाळी मावशीला बांधावर एकटी गाठलं. म्हटलं, "माझं चुकलं."

"हितं कोण हाय ऐकाया? झेंडू?" ती कुदळ न थांबवता म्हणाली. "चार मानसांत उठवलं ना? मंग चार मानसांत बसवा."

घरी थोरला भाऊ तापला. "मजुराची माफी मागणार? उद्या डोक्यावर बसतील."

"डोक्यावर नाही, दादा. शेजारी बसतील."

"अन् भावकीत तोंड कसं दाखवायचं?"

"आहे तसं."

त्या जोडप्याला मी स्वतः जाऊन रविवारी लंगरला या म्हणून सांगितलं. ते का, असं त्यांनी विचारलं. मी कारणही सांगितलं. ते आले नाहीत, पण बातमी सगळ्या भावकीत पोचवली, म्हणजे काम झालंच. माझी कीव करणारे, थट्टा करणारे, 'एवढ्याशा गोष्टीचं काय' म्हणणारे अजूनही भेटतात. ज्याला ही एवढीशी गोष्ट वाटते, त्याने एकदा भरल्या ताटावरून उठून बघावं.

रविवारी टेम्पोत मावशी होती, ठेवणीतलं लुगडं नेसलेली. सोबत आणखी तिघी. "आमी गंमत बघाया येतोय," त्यांतली एक म्हणाली आणि चौघी हसल्या. मागून मोटारसायकलवर दादाही आला. मला अडवायला की बघायला, देव जाणे. तो दारापाशी उभाच राहिला. सरदारजी त्याला म्हणाले, "लंगरमध्ये उभं राहत नाहीत, भाऊ. बसा." जागा एकच होती, त्या तिघींच्या शेजारी. दादा बसला.

मी मावशीशेजारी बसलो. रोटी वाढायला आले. मी खालमानेने काहीतरी पुटपुटलो.

"आईकू नाय आलं," मावशी म्हणाली. ओंजळ तिने अजून पुढे केली नव्हती. सरदारजी रोटी हातात धरून थांबले होते.

मग मी पुऱ्या आवाजात म्हणालो, "मावशी, त्या रविवारी मी तुम्हाला याच पंगतीतून उपाशी उठवलं. भावकी बघेल म्हणून तुमची लाज वाटली. तुमच्या वाटची रोटी मी खाल्ली. माझं चुकलं. मला माफ करा, आणि इथे बसून जेवा."

मावशीने ओंजळ पुढे केली.